चांगूआत्याचा दम

चांगूआत्याला माइक चालत नसे. लग्नाच्या मांडवात कुणी कौतुकानं तिच्या तोंडासमोर माइक धरला, तर डास हाकलावा तसा ती तो हातानं बाजूला सारायची आणि म्हणायची, "माजा आवाज पोचत नसंल त जवल या." आणि लोक खरंच जवळ यायचे. डीजेवाला बटण बंद करायचा, बायका पदर सावरून पुढं सरकायच्या, आणि गावातल्या निम्म्या पुरुषांपेक्षा उंच असलेली ती काटकुळी बाई मांडवाच्या खांबाला न टेकता सरळ उभी राहून गायला लागायची.

ती आमच्या पालेगावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात विधी सांगणारी आणि त्या त्या विधीचं गाणं, म्हणजे धवला, म्हणणारी बाई. भटजी येतो तो तासाभरासाठी. धवलारीण मांडवाचा पहिला खांब रोवल्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत असते. कुठल्या विधीला कुठला धवला, कुठल्या देवाला आधी बोलवायचं, कुठल्या घरातली कुठली माणसं गेली आणि त्यांची नावं कोणत्या क्रमानं घ्यायची, हे सगळं तिच्या डोक्यात. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण एखाद्या घरचा म्हातारा आपल्या आजोबाच्या भावाचं नाव विसरला, तर तो तिच्याकडे विचारायला यायचा.

मी या गावची सून. माहेर बदलापूरचं. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर एकवीस वर्षं काम करते आहे. त्यामुळं गावात मला सगळे 'मेडिकलवाली' म्हणतात. ताप, जुलाब, कंबरदुखी, काहीही झालं की माणसं डॉक्टरकडे जायच्या आधी माझ्या ओट्यावर येतात. मी गोळ्या सांगते, बहुतेक वेळा बरं वाटतं. त्याचा मला अभिमान होता. पुढं जे झालं त्यात या अभिमानाचा वाटा मोठा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

चांगूआत्या गावची लेक. सासर उरणकडचं, मिठागरात राबणाऱ्यांचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली आणि भावाच्या घराच्या पडवीत राहू लागली. भाऊ-भावजयही पुढं गेले, मग भाचा दिलीप आणि ती असे दोघंच उरले. त्यामुळं ती सगळ्या गावाची आत्या. इमारती उठल्या तशी शेतं गेली, पण विहिरीजवळचा एक तुकडा तिनं सोडला नव्हता. तिथं मेथी, गवार, लाल माठ लावायची आणि सकाळी टोपली घेऊन अंबरनाथ स्टेशनाच्या पूर्वेला विकायला बसायची. चालायची इतकी भरभर की बरोबरच्या बायका मागं पडायच्या. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कधी बसली नाही, म्हणायची, "ती खुर्ची आपल्याला धरीत नाय, आपनच तिला धरून बसाचा." लग्नघरी गेली की आधी कोमट पाण्यात गूळ आणि चार मिरे घालून मागायची, ते घोट घोट संपवायची, तोंड पुसायची आणि मगच मांडवात जायची. तेवढा वेळ वरातीचा घोडा असो नाहीतर नगरसेवक असो, सगळ्यांनी थांबायचं.

तिच्या या थांबवण्याच्या खूप गोष्टी आहेत. चिखलोलीच्या एका लॉनवर बांधकामवाल्याच्या घरचं लग्न होतं. कुणी मोठे पाहुणे येऊन बसले होते, त्यांना पुढं जायचं होतं. नवऱ्या मुलाचा काका आत्याजवळ आला आणि म्हणाला, "आत्या, जरा शॉर्टमध्ये करा ना. दहा मिनिटांत आटपा. साहेबांना टाइम नाय." आत्या गात होती, ती थांबली. तिनं काकाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "बरा. मंग लगीनपन निम्माच लावा." साहेबच हसले आणि बसून राहिले. ती गोष्ट मी निदान पन्नास जणांना सांगितली असेल.

एकदा तिच्याकडूनही एक नाव घ्यायचं चुकलं होतं. घरच्या गेलेल्या माणसांची यादी चालू होती आणि एका लहानपणीच वारलेल्या मुलाचं नाव राहिलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढचा विधी निम्मा झाला होता. ती एकदम गप्प झाली, म्हणाली, "एक पोर बाहेर राह्यला," आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. पाऊण तास गेला. त्या मुलाची म्हातारी आई कोपऱ्यात बसली होती. ती उठून आत्याच्या पायाशी येऊन बसली.

आणि माझ्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची, पहाटेपासून उपाशी. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं की मी काही खाल्लेलं नाही, आणि मला सांगायची लाज वाटत होती. हळदीच्या पाटावर माझे हात थरथरायला लागले. बायकांना वाटलं, नवरी लाजली. चांगूआत्यानं गाणं मध्येच सोडलं, खाली वाकून माझ्या डोळ्यांत बघितलं आणि सासरच्या बायकांना म्हणाली, "पोरीना सकालपासून काय खाल्ला? आदी तिला खायाला द्या. हलद काय पलून जात नाय." मग सगळा मांडव थांबला आणि मी पाटावर बसून, अंगाला हळद लागलेली, दोन तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या. मी खाईपर्यंत ती माझ्यासमोर उभी होती, म्हणजे कुणी मला हसू नये.

अशी ही बाई. तीन वर्षांपूर्वी वैशाखात माझ्या मुलाचं, निखिलचं लग्न ठरलं तेव्हा ती साठीच्या पुढची होती. सून बदलापूरची, प्रणाली.

लग्न थाटात करायचं होतं. निखिलनं व्हिडिओवाले ठरवले होते, ड्रोन आणि काय काय. त्यातल्या मुख्य मुलानं सांगितलं होतं, "आंटी, वो धवला वाला जो है ना, ते आपण प्रॉपर शूट करू. आजकल कोणी दाखवत नाही." मला ते फार आवडलं होतं. आपल्या घरचं लग्न लोक मोबाइलवर बघतील, आपली परंपरा बघतील. मी दुकानात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

गुरुवारी मांडव होता. चांगूआत्या आली ती हळू आली. तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण ती हळू चालत नसे. स्वयंपाकघराच्या मागच्या दारी तिनं मला बोलावलं. उजवा हात छातीच्या उजव्या बाजूला दाबून धरला होता.

"सकाली विहिरीवर पानी वढताना उजवे कुशीन चमक मारली," ती म्हणाली. "तवापासून दम पुरत नाय."

"उसण भरली असेल, आत्या."

"उसन नाय. उसन मना ठाव हाय. ह्यो येगला हाय. आत काईतरी सुटल्यासारका वाटतंय."

मी तिला खुर्ची दिली. ती प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि ती तिच्यावर बसली. मी तिला गॅसची गोळी दिली, एक दुखण्याची दिली, पाठीला मलम चोळलं. म्हटलं, "गॅस असतो असा कधी कधी. छातीत येतो. आजपासून चार दिवस तेवढे काढ, आत्या. सोमवारी मी स्वतः तुला घेऊन जाते, एक्स-रे काढू."

तिनं माझ्याकडे बघितलं. मेडिकलवाली म्हणते म्हणजे असेल, असंच तिला वाटलं असणार. तिनं गोळ्या घेतल्या आणि गूळ-मिऱ्याचं पाणी मागितलं.

ती चारही दिवस गायली. हे मी आज लिहिते आहे तेव्हा मला माहीत आहे की तिचं उजवं फुप्फुस त्या सकाळी विहिरीवरच फाटलं होतं आणि मिटत चाललं होतं. ती एकाच फुप्फुसावर उभी होती. तेव्हा माहीत नव्हतं. पण काहीच दिसत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. एका श्वासात जी ओळ ती सहज घ्यायची, ती आता तीन ठिकाणी तुटत होती. मधली जागा बायका भरून काढत होत्या. हळदीच्या वेळी तिनं खांबाला हात लावला. नंतर पाठ टेकली. तिचे ओठ मला काळपट दिसले आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की व्हिडिओत दिसायला नको. मी जाऊन तिचा पदर जरा पुढं ओढून दिला.

शनिवारी संध्याकाळी व्हिडिओवाला माझ्याकडे आला. "आंटी, आवाज येतच नाहीये. कॉलर माइक लावतो. और एक बार पूरा गाना पडेगा, मघाशी सगळं तुटक आलं."

मी तिच्याकडे गेले. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. मी म्हटलं, "आत्या, अजून एकदाच. मुलांची हौस आहे." आणि तो छोटा काळा माइक मीच माझ्या हातानं तिच्या पदराला लावला. तिनं तो हातानं बाजूला सारला नाही. ती ऐकते आहे, आपल्यासाठी एवढं करते आहे, याचं मला बरंच वाटलं. तिच्याकडे नाही म्हणण्याएवढा दम नव्हता, हे मला नंतर कळलं.

ती उठली आणि पुन्हा पूर्ण गायली.

सोमवारी सत्यनारायण होता. एक्स-रे राहिला. मंगळवारी सकाळी प्रणाली, घरात येऊन दोनच दिवस झालेली माझी सून, लाडू घेऊन आत्याच्या पाया पडायला गेली आणि धावत परत आली. "आई, त्या बसल्या जागी धापा टाकतायत. बोलता येत नाहीये त्यांना."

मी गेले तेव्हा ती पडवीत दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढं वाकून बसली होती. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. दिलीप कामावर निघून गेला होता. त्याला फोन केला. रिक्षातून अंबरनाथला एका खाजगी दवाखान्यात नेलं. दिलीप थेट तिथंच आला. एक्स-रे निघाला. तरुण डॉक्टर होता, त्यानं फिल्म उजेडाला धरली. उजवी बाजू सगळी काळी, आणि मध्यावर मुठीएवढा एक पांढरा गोळा. तो म्हणाला, ते फुप्फुस आहे, पूर्ण मिटलंय. बाहेर हवा साठली आहे, नळी घालून काढावी लागेल. मग त्यानं कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "त्रास कधीपासून होतोय?"

दिलीप माझ्या शेजारी उभा होता. प्रणाली दारात. आत्या स्ट्रेचरवर, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क.

मी म्हटलं, "कालपासून."

त्यानं पुन्हा विचारलं, "नक्की? काल म्हणजे सोमवार?"

"हो. काल सकाळपासून."

त्यासाठी मला विचारसुद्धा करावा लागला नाही. कुणाला वाटेल, घाबरून तोंडून गेलं असेल. घाबरून नव्हतं. गुरुवारपासून म्हटलं असतं तर दिलीपनं विचारलं असतं, मग गुरुवारी का नाही आणलं? आणि मग गोळ्या, मग शनिवार, मग माइक, सगळं बाहेर आलं असतं. हे सगळं मला एका क्षणात नीट दिसलं आणि मी नीट उत्तर दिलं. आत्याचे डोळे उघडे होते. मास्कच्या वरून ती माझ्याकडे बघत होती. मी दुसरीकडे बघितलं.

नळी घातली. पलंगाखाली पाण्याची बाटली, तिच्यात बुडबुडे. मग डॉक्टरनं ती बाटली भिंतीतल्या मशीनला जोडली, म्हणजे हवा लवकर ओढली जाईल. थोड्या वेळात आत्याचा चेहरा जरा सैल झाला. दिलीप चहा आणायला गेला. मला वाटलं, सुटलो.

अर्धा तास झाला असेल. तिला खोकला सुरू झाला आणि तो थांबेचना. नर्स आली, म्हणाली फुप्फुस उघडतं तेव्हा खोकला येतोच. मग तिच्या तोंडातून फेस आला. आधी पांढरा, मग गुलाबी. चादरीवर, माझ्या हातावर. ती बुडत असल्यासारखी हात वर करत होती. डॉक्टर धावत आला, मशीन बंद केलं, सगळ्यांना बाहेर काढलं. मी बाहेर येऊन नळाखाली हात धुतले आणि पुन्हा धुतले.

तिला आयसीयूत नेलं. तोंडावर घट्ट मास्क बांधून मशीननं हवा देत होते. मोठे डॉक्टर आले. त्यांनी दिलीपला आणि मला समोर बसवून सांगितलं, "फुप्फुस बरेच दिवस मिटून राहिलं असलं की ते एकदम उघडायचं नसतं. हळूहळू उघडावं लागतं, नाहीतर त्यात पाणी भरतं. एका दिवसाच्या केसमध्ये असं सहसा होत नाही, म्हणून विचारतो. कालच सुरू झालं होतं ना?"

ही दुसरी वेळ होती. तेव्हा सांगता आलं असतं. दिलीप माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी तो मास्क काढला. आम्ही आत गेलो तेव्हा मोठे डॉक्टर तिथंच होते. आत्यानं बोटानं त्यांना जवळ बोलावलं. एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "काल नाय. गुरवारपासून. सा दिस."

डॉक्टरांनी वळून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तर सोमवार म्हणालात."

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "तिला काय ठाव? लगीनघरची. मीच सांगला नाय कोनाला."

डॉक्टर तिच्यावर जरा रागावले. इतकं अंगावर काढायचं नसतं, आजी. आधी कळलं असतं तर मशीन लावलंच नसतं. तरीही झालं असतं कदाचित, पण लावलं नसतं. ती ऐकून घेत होती. माझ्या वाटणीची बोलणी ती खात होती आणि मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून तिची चादर सारखी करत होते.

पुढं फुप्फुसाला जंतुसंसर्ग झाला. नळीच्या वाटेनं पू यायला लागला. नळी पाच आठवडे राहिली. मी रोज दुकानातून सुटले की डबा घेऊन जायची, तिचे केस विंचरायची, बाटलीतलं पाणी बघायची. गावात बायका म्हणायच्या, "सख्खी सूनपन यवरा करीत नाय." दुकानात शेठ म्हणाले, "बहोत सेवा करती हो." मी काही बोलायची नाही. न बोलण्यालाही लोक नम्रपणा समजतात.

ती घरी आली तेव्हा निम्मी झाली होती. खालचा भाग चिकटून बसला होता, तेवढं फुप्फुस पुन्हा उघडलंच नाही. दवाखान्यानं तिला तीन रंगीत गोळ्यांचं ते यंत्र दिलं होतं, नळीनं हवा आत ओढून गोळे वर उचलायचं. ती ते रोज इमानदारीनं करायची. एक गोळा उचलायचा, दुसरा थोडा हलायचा. चार शब्द बोलली की थांबायची, श्वास घ्यायची, मग पुढचे चार. विहिरीजवळचा तुकडा दिलीपला झेपेना, तोही विकला गेला. धवला तिनं पुन्हा म्हटला नाही. कुणी बोलवायला आलं तर हात जोडायची.

आणि मग ते रेकॉर्डिंग वाजायला लागलं. निखिलच्या लग्नाचा व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर गेला, आणि त्यातला तिचा आवाज कुणीतरी वेगळा काढला. आता धवलारीण मिळत नाही, मग लोक मांडवात तेच लावायला लागले. त्या शनिवारचं, कॉलर माइकवरचं. चिखलोलीला एका लग्नाला मी गेले होते आणि दिलीप आत्यालाही घेऊन आला होता. डीजेच्या मोठमोठ्या बॉक्समधून तिचा आवाज आला. लोक म्हणत होते, काय आवाज आहे, बघा, जुना माणूस. मला मात्र ओळ जिथं जिथं तुटत होती ती प्रत्येक जागा ऐकू येत होती. मी तिच्या शेजारीच बसले होते. ती मान खाली घालून ऐकत होती. संपल्यावर ती मला म्हणाली, "त्यात तीन नावां राह्यली. दम नव्हता. ता लावू नुको बोल त्यांना."

मी डीजेवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मावशी, सगळीकडे हेच वाजतं. दुसरं आहे का तुमच्याकडे?" मी परत येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. दिलीप नाही अशी वेळ बघून गेले, हेही खरं. तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "आत्या, मी डॉक्टरांशी खोटं बोलले. दोनदा."

"ठाव हाय," ती म्हणाली. "मी तितंच होतू."

"मग तू माझ्यावर का नाही टाकलंस? स्वतःवर का घेतलंस?"

ती थांबली. श्वास घेतला.

"तुज्यासाठी नाय केला," ती म्हणाली. "ती पोर नवी. दोन दिस झालं व्हतं घरात येवून. तुजा नाव घेतला असता त गावान बोभाटा झाला असता, धवलारीन लग्नातच आजारी परली, आन लोकांनी तिचा पायगुन वाईट ठरवला असता. जलमभर." पुन्हा थांबली. "तुला त कोन काय बोलला नसता. तू मेडिकलवाली."

मी रडायला लागले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवेल असं मला वाटलं होतं. तिनं फिरवला नाही.

"माजा राग हाय तुज्यावर," ती म्हणाली. "तो रवू दे. माफी मागाला आलीस त ती मना देता येत नाय. दम लागतं." आणि मग, अगदी नेहमीच्या आवाजात, "चाय पिऊन जा."

मी चहा प्यायले. तिनंच केला, मी उठायला लागले तर बस म्हणाली. गॅसपासून माझ्यापर्यंतच्या सहा पावलांत ती एकदा थांबली.

त्यानंतर मी तिच्याकडे फारशी गेले नाही. प्रणाली जायची, आठवड्यातून दोन-तीनदा. तिथं त्या दोघी काय बोलायच्या मला माहीत नाही. प्रणालीला मी काहीही सांगितलेलं नाही. आपल्या पायगुणासाठी त्या बाईनं काय गिळलं हे तिला ठाऊक नाही आणि ते सांगायचं तर आधी माझं सांगावं लागेल.

या वर्षी थंडीत आत्याला न्यूमोनिया झाला आणि राहिलेलं फुप्फुस त्याला पुरलं नाही. चार दिवसांत ती गेली. मी तिला शेवटची बघितली ती त्याच्या पंधरा दिवस आधी.

सकाळची वेळ. मी रिक्षानं अंबरनाथ स्टेशनला निघाले होते. पालेगावच्या वळणावर नव्या टॉवरच्या कंपाउंडला लागून दोघी चालत होत्या, आत्या आणि प्रणाली. आत्यानं स्वेटरवरून शाल घेतली होती आणि अजूनही ती प्रणालीपेक्षा वीतभर उंच दिसत होती. दहा पावलं चालायची, थांबायची. ती थांबली की प्रणालीही थांबायची. हात धरायची नाही, नुसती शेजारी उभी राहायची, जणू तिलाच थांबायचं होतं. आत्या काहीतरी सांगत होती. चार शब्द, मग श्वास, मग चार शब्द. प्रणाली एकदम हसली, आणि आत्याही हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. ती कंपाउंडच्या भिंतीला हात लावून वाकली. प्रणाली तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

वळणावर रिक्षा हळू झाली होती. रिक्षावाला गावातलाच. त्यानं आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "काकी, तुमच्या घरची ना ती? थांबवू का?"

"नको," मी म्हटलं. "उशीर होतोय."

मला उशीर झालेला नव्हता.